शाळेसाठी डीजे घ्यावा का?



गेल्या वर्षीचे स्नेहसंमेलन आटोपले आणि आठवडाभरात आमच्या टेबलावर दोन कागद आले. पहिला नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचा अर्ज. शाळेने स्वतःचा डीजे कंट्रोलर विकत घ्यावा, म्हणजे दरवर्षी बाहेरच्या डीजेला पैसे मोजावे लागणार नाहीत, असा हिशेब त्यात मांडला होता. हिशेब बरोबर होता. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. त्या लाल पेनाने दुरुस्त करून आम्ही अर्ज परत पाठवला आणि दोन दिवसांनी स्वतःच पुन्हा मागवून घेतला.

दुसरे होते एका पालकांचे पत्र. त्यांची मुलगी आपल्याकडे सातवीत शिकते आणि श्रवणयंत्र वापरते. (त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.) संमेलनात आवाज इतका मोठा होता की यंत्रातून तिला नुसती खरखर ऐकू येऊ लागली. तिने ते काढून आईजवळ दिले आणि वर्गाचा नाच शेजारणीच्या पायांकडे बघत पूर्ण केला. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. शेवटी फक्त इतके लिहिले होते की नाच छान झाला, पण टाळ्या तिला ऐकू आल्या नाहीत.

त्या दिवशी डीजे बोलावणारे आम्हीच होतो. पुढच्या रांगेत पाहुण्यांशेजारी बसून, छातीत धडधड होत असताना हसतमुख राहणारेही आम्हीच. तेव्हा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नव्हता.

दोन्ही कागद विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठेवले. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "मराठी शाळेत डीजे? मग पुढच्या वर्षी गेरसुद्धा काढा शाळेतून!" सगळे हसले. पण त्यांनी लगेच दुसराही मुद्दा काढला, तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. संगीत वर्गातल्या तीन तबल्यांपैकी दोघांच्या पुड्या फाटलेल्या आहेत, हार्मोनियमच्या भात्यातून हवा जाते, आणि आपण कोणत्या यंत्राची चर्चा करतो आहोत? शेवटी ठरले ते असे की मुख्याध्यापकांनी आधी यंत्र नीट पाहावे, तपासावे आणि मग लेखी मत द्यावे. ते मत आम्ही मंडळाला देऊच. पण पालक आणि विद्यार्थी वारंवार विचारतात, म्हणून ही सगळी हकीकत येथे सांगत आहोत.

पहिली अडचण शब्दाचीच. आपल्या इंदुरात डीजे म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर जाते तेव्हा, लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत जी खिडक्यांच्या काचा हलवते ती. त्यामुळे "डीजे घ्यायचा" म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर तेच येते. आमच्याही आले होते. वास्तविक डिस्क जॉकी म्हणजे रेडिओवर तबकड्या लावणारा आणि दोन गाण्यांच्या मध्ये बोलणारा माणूस. म्हणजे १९५२ साली ‘बिनाका गीतमाला’ सुरू करणारे अमीन सयानीही एका अर्थाने डीजेच. लहानपणी त्यांचा आवाज ऐकायला आमच्या घरात सगळे चिडीचूप बसत, ही गोष्ट त्या विश्वस्तांना सांगितली तेव्हा ते थोडे विरघळले.

दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवून एकीतून दुसरीत जाण्याची कला पुढे अमेरिकेत वाढली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली, ती घटना आज हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून सांगितली जाते. गाण्यात जिथे नुसता ताल वाजतो तेवढाच तुकडा तो लांबवत असे. त्यासाठी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायच्या, एक वाजत असताना दुसरी मागे फिरवून तयार ठेवायची. जपानच्या टेक्निक्स कंपनीने १९७२ मध्ये काढलेला एसएल-१२०० हा तबकडीयंत्राचा नमुना पुढे या कामासाठी जगभर नावाजला गेला, कारण त्याची मोटर तबकडीला पट्ट्याविना थेट फिरवते आणि हात लावून सोडली तरी तबकडी लगेच मूळ वेगावर येते. आज तबकड्या गेल्या, गाणी लॅपटॉपमध्ये आली. कंट्रोलर हे त्या दोन तबकडीयंत्रांचे हाताने चालवायचे चित्र आहे, असे म्हणा हवे तर. दोन गोल चकत्या, मध्ये एक आडवी सरकपट्टी, थोड्या खुंट्या आणि बटणे. गाणे असते लॅपटॉपमध्ये, आवाज निघतो अॅम्प्लिफायर आणि स्पीकरमधून. या पेटीत स्वतःचा स्पीकर नसतोच! महाराणी रोडच्या बाजूला एका दुकानात आम्ही ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वजन जेमतेम दोन किलो भरले. एवढ्याशा वस्तूने संमेलनात इतका गोंधळ घातला, यावर विश्वास बसेना. तो घातलाही नव्हता म्हणा.

दुकानदार मोठ्या उत्साहात होते. "भिया, इसमें सब ऑटोमेटिक है, बच्चा भी बजा लेगा." हे ऐकून गिऱ्हाईक खूश होत असेल. शिक्षकाच्या मनात वेगळीच शंका येते, की सगळे आपोआप होणार असेल तर मूल शिकणार काय?

आम्ही दोन यंत्रे तीन शनिवार संगीत वर्गात मांडली. एक माजी विद्यार्थ्याने आणून दिलेले पायोनियर कंपनीचे डीडीजे-एफएलएक्स४, दुसरे दुकानातून पाहण्यासाठी आणलेले हर्क्युलिसचे इनपल्स २००. पहिले चांगले भक्कम, त्याला माइक जोडायची सोय आहे, आणि चांगली दुकाने त्याची किंमत ३० ते ४० हजारांच्या दरम्यान सांगतात. दुसरे लहान, हलके, किमतीने बरेच कमी. दोन्हींना वेगळी वीज लागत नाही, लॅपटॉपच्या तारेवर चालतात. तपासणीच्या मंडळात संगीताच्या बाई, संगणकाचे सर, अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी सहा जण, आठवीतला एक तबला वाजवणारा, आणि सातवीतली ती विद्यार्थिनी. तिला आम्ही मुद्दाम बोलावले होते.

पहिल्या शनिवारी वेळ गेला तो नावांतच. पुस्तिका इंग्रजीत, मुले मराठीत विचारणार, आणि आमची पदवी हिंदी माध्यमाची. उंच आणि खर्जाचे सूर कमीजास्त करणाऱ्या तीन खुंट्या समजावताना आम्ही सवयीने "आवृत्ति" म्हणालो आणि मुले चक्रावली. त्यांच्या लेखी आवृत्ती पुस्तकाची असते! हिंदीतली आवृत्ति म्हणजे मराठीतली वारंवारता, हे फळ्यावर लिहावे लागले. मग मुलांनीच कागदी चिठ्ठ्या करून खुंट्यांवर चिकटवल्या: खर्ज, मध्य, तार. हेडफोनच्या बटणावर चिठ्ठी लागली "फक्त मला".

ही "फक्त मला" सोय आम्हांला सगळ्यांत आवडली. वाजवणारा एका कानाने सभागृहातले चालू गाणे ऐकतो आणि दुसऱ्या कानावर हेडफोन धरून पुढचे गाणे. ते अजून कोणालाच ऐकू येत नसते. दोन्हींची लय तो आतल्या आत जुळवतो आणि मगच सरकपट्टी हलवतो. गाण्याच्या बैठकीत साथीदार आवर्तन मोजत असतो, तसेच हे. जो मुलगा वर्गात चार मिनिटे एका जागी बसत नाही, तो हेडफोन लावून वीस मिनिटे हलला नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

संगणकाच्या सरांचा मुद्दा विलंबाचा होता. चकतीला हात लावल्यापासून आवाजात फरक पडेपर्यंत जो क्षण जातो तो. लॅपटॉप आवाजाचे छोटे छोटे गठ्ठे करून पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर २५६ नमुन्यांच्या गठ्ठ्याला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, १०२४ च्या गठ्ठ्याला सुमारे २३. गठ्ठा लहान ठेवला तर हाताला आवाज लगेच मिळतो, पण आपल्या प्रयोगशाळेतला जुना संगणक धापा टाकू लागला आणि गाण्यात तडतड आली. मोठा केला तर तडतड थांबली, हात मात्र आवाजाच्या पुढे धावू लागला. तात्पर्य, कंट्रोलर नवा आणि संगणक जुना असून चालणार नाही. अर्जातल्या हिशेबात ही रक्कम धरलेली नव्हती.

संगीताच्या बाईंनी सुराची परीक्षा घेतली. गाण्याचा वेग वाढवला की सूरही चढतो, तबकडी जलद फिरवल्यासारखा. साधारण सहा टक्के वेग वाढवला की काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये जाऊन बसते. हे टाळण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये सूर जागेवर धरून ठेवणारे एक बटण असते. ते दाबून मिनिटाला १०४ मात्रांचे गाणे ११० वर नेले. सूर हलला नाही. पण बाई म्हणाल्या, "तंबोरा पाण्यातून ऐकल्यासारखा वाटतोय." आम्हांला आधी कळले नाही, त्यांनी दोनदा ऐकवल्यावर कळले. लेझीमच्या गाण्याला हे खपून जाईल, भावगीताला नाही.

आता खरी गंमत. या यंत्रांचा मोठा अभिमान म्हणजे ‘सिंक’चे बटण. ते दाबले की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते. पायोनियरमध्ये तर आणखी पुढची सोय आहे, एक सरकपट्टी हलवली की लय, खर्ज, आवाजाची पातळी सगळे तेच सांभाळते. आजच्या चित्रपटांतली नाचाची दोन गाणी लावली, अगदी झकास जुळली. मुलांनी टाळ्या पिटल्या.

मग तबलावाल्याने दादऱ्यातले एक गाणे लावले. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्यावर उभ्या रेषा आखते आणि दर चौथ्या मात्रेवर लाल खूण करते, कारण त्याच्या समजुतीत जगातले सगळे संगीत चार-चारच्या हिशेबात चालते. केरव्याच्या आठ मात्रा त्यात बसतात. दादऱ्याच्या सहा कशा बसणार? लाल खूण समेवर आली ती दर दुसऱ्या आवर्तनाला, एरवी भलतीकडेच. त्याने मग रूपक लावून पाहिला. सात मात्रांना चारची खूण चौथ्या आवर्तनाला जुळते, हे लसावि काढून त्याने आधीच सांगितले होते आणि तसेच झाले. (गणिताच्या सरांनी नोंद घ्यावी.)

कोणीतरी खोडसाळपणे उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित झुमरा लावला. ज्यांच्या गायकीमुळे घराण्याला इंदूरचे नाव मिळाले ते खाँसाहेब, चौदा मात्रांचा झुमरा आणि मिनिटाला पंधरा-वीस मात्रांची ती संथ चाल. सॉफ्टवेअरने थोडा विचार केला आणि शंभराच्या वरचा आकडा दाखवला! इतकी मंद लय त्याच्या शब्दकोशातच नाही, म्हणून ते तिची दुप्पट-चौपट करत सुटते. वर्गात हशा पिकला. पण त्यानंतर कोणी गाणे बंद केले नाही. सहा मुले, ज्यांना आम्ही ‘धांगडधिंगावाले’ म्हणत होतो, ती जवळजवळ दहा मिनिटे खाँसाहेब ऐकत बसली. सम कधी येते ते बोटांवर मोजत होती. दोघांचीच बरोबर आली.

तिसऱ्या शनिवारी एक जुने चित्रपटगीत लावले होते, सिंक चालू. पडद्यावर गाण्याच्या रंगीत लाटा सरकत होत्या. ठेका पडतो तिथे लाट उंच होते आणि बरोबर तिथेच सॉफ्टवेअरची उभी रेष असायला हवी. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो आणि ठीक चालले आहे असे समजत होतो. ती सातवीतली मुलगी पडद्याजवळ उभी होती. तिने बाईंचा पदर ओढला आणि बोट दाखवले. रेषा लाटांच्या पुढे गेल्या होत्या. सुरुवातीला केसभर, कडव्यापर्यंत बोटभर. त्या काळी गाणे वाद्यवृंदासह एकत्र, माणसांच्या हातांनी वाजत असे. कडव्याला लय किंचित सुटते, ध्रुवपदावर परत आवरली जाते. यंत्राने मात्र पहिल्या काही मात्रांवरून एक ठरावीक वेग धरला होता आणि त्याच वेगाने रेषा आखत गेले होते. थोड्या वेळाने दुसरे गाणे वर आले तेव्हा दोन ठेके घोड्याच्या टापांसारखे एकामागून एक पडले आणि मग आमच्या कानांना कळले. तिला ते आधीच दिसले होते.

हर्क्युलिसच्या यंत्रात चकतीजवळ लहान दिवे आहेत. सिंक बंद ठेवले तर ते सांगतात की तुझे गाणे मागे पडते आहे, वेग वाढव, किंवा पुढे गेले आहे, कमी कर. काम हातालाच करावे लागते, दिवा फक्त दिशा दाखवतो. त्या दुपारी ती यंत्राशी बसली. श्रवणयंत्र कानात होते, खोलीतला आवाज साधा बोलण्याइतका. सात-आठ वेळा चुकली. मग दोन गाणी जुळवली आणि जवळजवळ अर्धे मिनिट जुळती ठेवली. पायोनियर अधिक चांगले यंत्र आहे यात शंका नाही, उद्या कोणी व्यवसाय करणार असेल तर त्याने तेच घ्यावे. शाळेसाठी आमचे मत लहान यंत्राकडे झुकले ते त्या दिव्यांमुळे. माइकची सोय त्यात नाही, पण माइक आपल्या सभागृहाच्या जुन्या मिक्सरला लागतातच. शिवाय मिक्स नावाचे एक सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यावर ते चालते, म्हणजे दरवर्षी काही भरावे लागणार नाही.

राहिला आवाज. तो या पेटीचा गुण नाही आणि दोषही नाही, तो अॅम्प्लिफायरच्या खुंटीचा प्रश्न आहे, हे एव्हाना सर्वांना पटले होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे. रुग्णालये, न्यायालये आणि शाळा यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये नवे मुख्यमंत्री आले तेव्हा त्यांचा पहिलाच आदेश ध्वनिक्षेपकांबद्दल निघाला, त्यात डीजेचाही समावेश होता. तरीही नियमांपेक्षा मुलांना पटला तो कानाचा हिशेब. ८५ डेसिबलला आठ तास ठीक मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. आपले संमेलन तीन तास चालले होते. किती डेसिबल होते ते आम्ही मोजले नाही. मोजायचे सुचलेही नाही.

या वेळी सभागृहात मधल्या रांगेत मोबाइलवरचे मापक ठेवून पाहिले. ते काटेकोर नसते, पण अंदाज येतो. ८० च्या आसपास असताना शेवटच्या रांगेत बसलेल्या शिपाईकाकांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता आणि त्यांनी तो म्हणूनही दाखवला. यंत्रावरचा लाल दिवा लागला की आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो, हेही तेव्हाच समजले. गेल्या वर्षी बहुधा तो दिवा पूर्ण वेळ लागलेला असावा.

मंडळाला आम्ही जे लिहून देणार आहोत ते थोडक्यात असे. आधी तबल्याच्या पुड्या आणि हार्मोनियमचा भाता, त्याचे पैसे याच महिन्यात. त्यानंतर लहान कंट्रोलर आणि एक बऱ्यापैकी लॅपटॉप. अॅम्प्लिफायरची खुंटी संगीताच्या बाईंच्या ताब्यात, त्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ, आणि ती रेघ कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मधल्या रांगेत सातवीतल्या विद्यार्थिनीला बसवून आखायची. ज्येष्ठ विश्वस्तांना हा मजकूर आधी दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, पुड्यांच्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारले, "तो झुमरा पुन्हा कधी लावणार?"

संमेलनाचा सराव दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होईल. दोन गाण्यांच्या मधल्या जागा यंदा मुले स्वतः सांभाळणार आहेत, तेव्हा एखाद्या नाचात ठेके एकमेकांवर आपटले तर पालकांनी समजून घ्यावे. घरात कान पूर्ण झाकणारे जुने हेडफोन पडून असतील तर कार्यालयात आणून द्यावेत. कानात घालायचे छोटे नकोत, आणि तार तुटलेली असेल तरी चालेल, संगणकाचे सर जोडून देतात.